वासाचं माहेर

रिकाम्या जागी योग्य क्रियापद भरा. 'माय मदर ——— फ्रॉम अक्कलकोट.' मागच्या बाकावरच्या ईरण्णानं भरलं: इमॅनेट्स.

*

भागाबाईनं पौर्णिमेला नेसायची पांढरी साडी धुऊन वाळत घातली. वाळली ती बदामी होऊन.

*

कारखान्याच्या फाटकात कारंजं आहे. कारंज्याभोवती मोगरा.

*

करजगीत बोअरला पाणी लागलं, की त्या पहिल्या पाण्याला हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात, खोबरं घरोघर वाटतात. पाण्याला कुणी नावगाव विचारत नाही.

*

बसवंतप्पांच्या खताच्या दुकानात युरियाची थप्पी यंदा छताला टेकली.

*

भीमा उगम पावते भीमाशंकरला. पण करजगीच्या माणसाला विचारा, नदीला पाणी कुठनं आलं? तो म्हणेल, उजनीनं सोडलंय.

*

या सगळ्या गोष्टी एका इंग्रजी क्रियापदापाशी येऊन अडल्या होत्या, आणि ते क्रियापद मंजुश्रीनं शोधून द्यायचं होतं.

मंजुश्री मूळची मेहकरची, तिकडं बीदर जिल्ह्यात, भालकी तालुक्यातली. लग्न होऊन करजगीत आली त्याला बरीच वर्षं झाली, तरी गावात तिची ओळख 'मेहकरची' अशीच राहिली. सासऱ्यांचं नाव श्रीमंत. त्यांनी तिला अफजलपूरच्या पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, इंग्रजी शिकवायला पाठवलं तेव्हा भावकीनं नाकं मुरडली होती. सासऱ्यांनी कुणाचं काही ऐकलं नाही. पहिल्या दिवशी स्वतः बसमध्ये चढून तिला खिडकीची जागा धरून दिली, आणि कंडक्टरला बजावलं, "आमच्या सूनबाई हायत. इंग्लिश शिकवायल्यात. नीट ने." तेव्हापासून कंडक्टर तिला 'इंग्लिश मेडम' म्हणतो, आणि सुट्ट्या पैशांवरून तिच्याशी कधी वाद घालत नाही.

आता वासाचं. नदीपलीकडं कारखाना आहे. उसाची साखर झाली की मळी उरते, मळीचं स्पिरिट काढलं की काळं, कढत पाणी उरतं. ते पाणी कारखान्याला नको असतं. त्यात पोटॅश असतं, ऊस जोर धरतो, असं सांगून कारखाना ते टँकरनं शेतकऱ्यांच्या रानात फुकट पोचवतो. करजगीत ते सगळ्यांत आधी श्रीमंतांनी घेतलं. वरच्या रानात जेसीबी लावून खड्डा काढला. टँकर तिथं रिकामे व्हायचे, आणि तिथून मोटार लावून ज्याला पाहिजे त्यानं न्यायचं. श्रीमंतांनी कुणाला नाही म्हटलं नाही. ऊस खरंच काळाभोर झाला. आणि दोन वर्षांत गावाला तो वास लागला. कुजलेल्या गुळात कुणी जळकी साखर कालवावी आणि वर गोठा उपसून टाकावा, तसा. जेवताना यायचा, पूजेला बसलं की यायचा. पाहुणे आले की हमखास यायचा.

गाव कर्नाटकातलं, म्हणून प्रदूषण मंडळाकडं कन्नडमधून एक तक्रार अर्ज गेला होता. त्याचं काहीच झालं नाही. म्हणून एका रविवारी बसवंतप्पांच्या दुकानात माणसं जमली आणि मंजुश्रीला बोलावणं गेलं.

बसवंतप्पा पंचायतीचे मेंबर. घरी कन्नड बोलतात, दुकानात मराठी, आणि उधारी वसूल करायची असली की हिंदी.

"टीचर अक्का, आता तुमीच लिवा," ते म्हणाले. "कन्नडमधे लिवलं, कुणी इचारलं न्हाई. मराठीत लिवलं तर तितं वाचणार कोण? इंग्लिशमधे लिवलं की सायबाला वाटतंय, ह्यांच्यातलं कोणतरी कोर्टात जाणार हाय."

श्रीमंत पेंडीच्या पोत्यावर मांडी घालून बसले होते. "लिव गं बाई," ते म्हणाले. "कारखान्याला मनावं, पाणी द्या, पर वास काडून द्या."

दुकानात हशा पिकला. पण खरं सांगायचं तर गावाची मागणी हुबेहूब तीच होती. पाणी हवं होतं, वास नको होता. एवढ्या साध्या गोष्टीला कारखाना का अडून बसलाय, हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं.

"तुमाला तर वास यायलाच न्हाई मनायलते की, मालक," बसवंतप्पांनी टोमणा मारला.

"मला सर्दी हाय."

"दोन वरसं झालं?"

"तुला वास कामून यायलाय ते पन मला ठावं हाय, अप्पा. काळं पाणी फुकट मिळायलंय, तुझा युरिया पडून ऱ्हायलाय. त्येचा वास यायलाय तुला."

पुन्हा हशा. बसवंतप्पाही हसले, पण त्यांनी वर थप्पीकडं एकदा पाहिलं.

दाराशी तात्याराव उभे होते. श्रीमंतांच्या वरच्या रानाला लागून, बांधाच्या खाली त्यांचं रान, आणि त्यात विहीर. त्यांच्या साऱ्या आळीचं पिण्याचं पाणी त्या विहिरीचं होतं. हशा ओसरला तसं ते हळूच म्हणाले, "माझ्या हिरीचं पन लिवा, बाई."

"लिवू की, लिवू की," चारपाच जण एकदम म्हणाले. पोराला जत्रेत नेऊ म्हणतात, त्या सुरात.

*

द फाउल स्मेल ओरिजिनेट्स फ्रॉम द फॅक्टरी.

मंजुश्रीनं सोमवारी मधल्या सुट्टीत हे पहिलं वाक्य लिहिलं. वाक्य छान उभं राहिलं होतं. पहिल्या अर्जाचं काय झालं ते कळावं म्हणून तिनं प्रदूषण मंडळाच्या ऑफिसला फोन लावला. पलीकडं एक तरुण अधिकारी होता, बोलायला बरा.

"मॅडम, तुमचा पहिला अर्ज मी बघितला," तो म्हणाला. "त्यात नुसतं 'वास येतो' असं आहे. कुठून येतो? आमच्याकडं गाडी एक, दिवस एक. तुम्ही जिथून म्हणाल तिथं गाडी जाणार, तिथं बाटली भरणार. त्या बाटलीत जे निघेल ते खरं. म्हणून म्हणतो, सरियागी बरीरी, मॅडम."

नीट लिहा. वर्गात ती हेच दिवसातून दहादा म्हणत असेल.

दुपारच्या तासाला तिनं फळ्यावर क्रियापदं लिहिली. कुठून आलं हे सांगायचे इतके शब्द एका भाषेला कशाला लागतात, हे पोरांना पटेना. तिनं समजावलं. हेल्स फ्रॉम माणसाला, तेही जरा मिरवायचं असेल तर. स्टेम्स फ्रॉम भांडणाला, रोगाला. डिराइव्ह्ज शब्दाला आणि नफ्याला. ओरिजिनेट्स म्हणजे जिथं ती गोष्ट पहिल्यांदा झाली. इमॅनेट्स म्हणजे जिथून ती सुटते, पसरते: उजेड, आवाज, वास.

"मनून तर मी आईला घातलो, मेडम," ईरण्णा म्हणाला. "आमच्या आईचा आवाज अक्कलकोटपत्तर जातोय."

वर्ग हसला. मंजुश्रीही हसली आणि फळा पुसायला वळली. शेवटचे दोन शब्द पुसायचे मात्र राहून गेले.

*

दुसऱ्या दिवशी ती उलट्या दिशेची बस धरून कारखान्याच्या फाटकापाशी उतरली. तक्रार करायची तर निदान एकदा तिथं उभं राहून श्वास घ्यावा, एवढंच मनात होतं.

वास नव्हता.

तिनं पुन्हा श्वास घेतला. कारंजं उडत होतं. हिरवळ कापलेली होती. वारा नदीवरून येत होता आणि मोगऱ्याला हलवून जात होता. वॉचमननं खुर्चीतून विचारलं, "कुणाला भेटायचंय, मेडम?"

"कुणाला नाही. इथं वास येत नाही का हो?"

"कशाचा?" तो खरोखरच गोंधळला. मग त्याच्या ध्यानात आलं. "ते काळं पाणी व्हय? ते इथं ठेवतच न्हाईत की. मागं पक्के हौद हायत, रोज टँकर भरून जायलेत. इथं एकदम क्लीन." आणि बाई एवढी उन्हात आलीय, रिकाम्या हातानं कशाला जाऊ द्यायची, म्हणून त्यानं ओंजळभर मोगरा तोडून दिला. "बायका नेत्यात. न्या."

परतीच्या बसमध्ये मोगरा पदरात घेऊन ती बसली. करजगी जवळ आली. एका वळणावर कुणी काही न सांगता पुढच्या बाईनं खिडकी ओढली. मागच्यानं ओढली. सगळ्या बसमध्ये खडखड काचा सरकल्या. ड्रायव्हरनं गमछा नाकावर चढवला. कंडक्टरनं दार लावलं आणि अगदी सहज, रोजच्यासारखं म्हणाला,

"इंग्लिश मेडम, तुमचं रान आलं."

तिनं रोज ही खिडकी ओढली होती. आपण ती कुठल्या बांधाशी ओढतो, हे कधी पाहिलं नव्हतं. बाहेर सासऱ्यांचा ऊस होता, काळाभोर, आणि त्याच्या पलीकडं खड्ड्याचं पाणी उन्हात डांबरासारखं चकाकत होतं.

*

ती घरी गेली नाही. बांध उतरून खाली तात्यारावांच्या रानात गेली. त्यांची बायको भागाबाई विहिरीपाशी कपडे घेऊन बसली होती. शेजारी निळ्या झाकणाचे दोन कॅन, फिल्टरचं पाणी, अफजलपूरहून आणलेलं.

"या बाई. बसा. पाणी द्यू का?" आणि मंजुश्री कॅनकडं बघायलीय हे पाहून ती हसली. "त्ये न्हाई. आमचं द्यू का? बगा तरी."

तिनं पोहऱ्यानं पाणी काढलं आणि स्टीलच्या पेल्यात ओतलं. बिनदुधाच्या चहाचा रंग.

"चहापत्ती वाचायलीय," भागाबाई म्हणाली. "साखर पन त्येच्यातच हाय. नुस्तं तापवायचं." मग हसणं थांबवून म्हणाली, "मागल्या आठवड्यात धाकट्या नातीच्या अंगावर खाज उठली. डाक्टर मनला, पाणी बदला. पाणी काय साडी हाय का, बदलायला?"

मंजुश्रीनं पेला नाकापाशी नेला. तोच वास, पण थंड. विहिरीच्या वरच्या अंगाच्या दगडातून पाणी पाझरत होतं, आणि तिथं एक काळी रेघ खालपर्यंत आली होती. ती रेघ वर कुठं जाते हे बघायला मान थोडी उचलावी लागत होती, एवढंच. वर बांध होता. बांधावर उसाचे शेंडे हलत होते.

"तात्याराव कधी बोलले नाहीत मामांना?"

"बोलले की. मालक मनले, कारखान्याला सांगतो." भागाबाईनं कपडे पिळायला घेतले. "पोराला शिकाय बाहेरगावी न्यायचं होतं तर तुमच्या मामानं गाडी दिलती आमाला. वाईट मानूस न्हाई, बाई. मनून तर जड जायलंय बोलाय."

मंजुश्रीनं पदरातला मोगरा काढून भागाबाईच्या ओंजळीत दिला.

"कुठला हो? लई वास हाय."

मंजुश्रीनं सांगितलं नाही.

*

आता वाक्यं दोन झाली होती, आणि दोन्ही खरी होती. ओरिजिनेट्स लिहिलं, तर गाडी कारखान्यात जाणार, कारंज्यापाशी बाटली भरणार, बाटलीत काही निघणार नाही, अर्ज बंद. गाव म्हणेल, आपण केलं बाबा आपल्यानं होईल तेवढं. इमॅनेट्स लिहिलं, तर गाडी श्रीमंतांच्या खड्ड्यापाशी थांबणार. तिथून विहीर दिसतेच. पण मग त्या कागदावर ज्यांचं नाव येणार, त्यांनीच तिला बसमध्ये खिडकीची जागा धरून दिली होती.

नवऱ्याला, हरिओमला, तिनं फोन केला. तो ट्रॅक्टरनं त्याच कारखान्याला ऊस वाहतो. रांगेत उभा होता.

"लिव," तो म्हणाला. "पर मला दाखवू नको. दाखवलीस तर मला काईतरी मनावं लागंल."

संध्याकाळी सासूबाई, सत्यभामाबाई, भाकऱ्या थापत होत्या. मंजुश्री तव्याकडं बसली. तिनं दोन भाकऱ्या उलटल्या. मग मंजुश्रीनं विचारलं,

"आत्या, हा वास कुठला म्हणायचा? कारखान्याचा का आपल्या रानाचा?"

सासूनं थापणं थांबवलं नाही. "तू कुठली?"

"मी?"

"तुला बसमधे कुणी इचारलं तर काय सांगतीस? मेहकरची का करजगीची?"

"विचारणारा बघून सांगते."

"आन मी मातुर काय सांगू? मी लग्न होऊन आल्याला चाळीस वरसं झाली. माझ्या हातनं तेल सांडलं तर तुझी आजेसासू माझं माहेर काडायची. पोरगं पास झालं तर मनायची, आमच्या घराण्याचं डोस्कं." भाकरी तव्यावर पडली. "वासाचं माहेर कारखाना, बाई. त्येच्यात काय खोटं न्हाई. पर नांदायलाय तो आपल्या रानात. पोरं-बाळं पन हितंच झालीत त्येला. तात्यारावच्या हिरीत बग की."

"कामून माहेर-सासर चाललंय?" मागून आवाज आला. श्रीमंत दारात चपला काढत होते.

मंजुश्री उठून उभी राहिली. उद्यावर टाकलं असतं तर उद्याही असंच उभं राहावं लागलं असतं. तिनं सांगितलं. कारखान्याचं फाटक, गाडी एक आणि दिवस एक, बसच्या खिडक्या, विहिरीतली काळी रेघ, सगळं.

श्रीमंत ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "मंजे माझ्या रानाचं नाव लिवणार तू."

"जागा लिहायलेय, मामा. गुन्हा नाही."

"सायबाला जागा आन गुन्हा एकच दिसतंय. तू शिकलीस, मी न्हाई शिकलो, पर एवढं कळतंय मला." त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळं जास्त लागला. "कारखान्यानं दिलं, मी घेतलो. साऱ्या गावानं माझ्या खड्ड्यातनं नेलं. मी कुणाला एक रुपाया मागितलो का? आता नाव कुणाचं? माझं. लिवणार कोण? माझीच सून."

"मग फक्त कारखान्याचं लिहू? गाडी तिथं जाईल. तिथं मोगरा हाय, मामा. मी बघून आले."

"तात्यारावच्या हिरीचं लिव की नुस्तं."

"हिरीत कुठनं आलं म्हणून विचारतील."

तव्यावरची भाकरी करपली आणि त्या घरात पहिल्यांदाच करपल्याचा वास सगळ्यांना बरा वाटला.

"मेहकरची ती मेहकरचीच," श्रीमंत म्हणाले. चपला पुन्हा घालून बाहेर पडले.

*

गाळलेली वाक्यं:

वास येतो असे समजते.

वास परिसरातून येतो.

वासाचा उगम निश्चित सांगता येत नाही.

ही तिन्ही इंग्रजीत फार सुरेख होत होती. शेवटच्या वाक्यावर तर ती बराच वेळ रेंगाळली. त्यात कुणाचं नाव नव्हतं, चूक नव्हती, आणि ते वाचून कुठलीच गाडी कुठंच गेली नसती.

*

पुढच्या रविवारी दुकानात तिनं अर्ज वाचला. आधी इंग्रजीत. लोकांनी माना डोलावल्या, इंग्रजी ऐकायला नेहमीच बरं वाटतं. मग मराठीत सांगितलं.

"हा वास नदीपलीकडच्या कारखान्यात उत्पन्न होतो. पण तो सुटतो तो करजगीतल्या श्रीमंत यांच्या वरच्या रानातल्या खड्ड्यातून, आणि तिथलं पाणी झिरपून तात्याराव यांच्या विहिरीत उतरतं. श्रीमंत हे हा अर्ज लिहिणारीचे सासरे आहेत."

माना डोलायच्या थांबल्या.

बसवंतप्पा घसा खाकरून म्हणाले, "टीचर अक्का, घरचं नाव कशाला? 'काही शेतांतून' मना की."

"व्हय व्हय, काही शेतांतून!" दुकानात एकदम हायसं वाटलं. काही शेतं म्हणजे कुणाचीच नव्हेत.

"काही शेतांतून म्हटलं तर गाडी कुठं थांबवायची, अप्पा?" मंजुश्री म्हणाली. "आणि काही शेतांतूनच लिहायचं तर खड्ड्यातून कुणी कुणी पाणी नेलं ती सगळी नावं लिहू का? मला माहीत आहेत."

प्रत्येकाला आपापल्या चपलांमध्ये काहीतरी बघण्यासारखं सापडलं.

श्रीमंत त्याच पोत्यावर बसले होते. त्यांनी हात पुढं केला. "आण."

तिनं कागद दिला. त्यांना कन्नड वाचता येतं, मराठी येतं, इंग्रजी नाही. त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला. "माझं नाव कुठं हाय?"

तिनं बोट ठेवलं.

"लई आखूड दिसायलंय," ते म्हणाले. मग कागद परत दिला. सही केली नाही. उठले, धोतर झटकलं, दाराशी गेले आणि पाठमोरेच बोलले, "खड्ड्याचं माप पन घाल. लिवायलीस तर सारं लिव. जेसीबीवाल्याला इचार, त्यो सांगंल." आणि निघून गेले.

सही करायला कुणी पुढं येईना. बसवंतप्पांनी पेन काढून टेबलावर ठेवलं आणि हात मागं घेतला. मंजुश्रीनं तात्यारावांकडं पाहिलं.

"मी करतो, बाई," तात्याराव म्हणाले. "माझीच हीर हाय. पर पयली नको. पयली माझी पडली तर उद्या मनतील, तात्यारावनं करून घेतलं. पयली तुमच्यातली पडू द्या."

खोटं नव्हतं. म्हणून पेन तसंच पडून राहिलं.

सत्यभामाबाई पेंड न्यायला आल्या होत्या. निदान त्यांनी तसं सांगितलं, पिशवी मात्र आणली नव्हती. दाराशी उभं राहून त्यांनी सगळं ऐकलं होतं. आत आल्या, पेन उचललं, आणि साक्षरतेच्या वर्गात शिकलेली चार अक्षरं एकेक करून, मधे थांबत, लिहिली. 'भा'चा काना जरा लांब गेला. तो त्यांनी तसाच राहू दिला.

"झालं?" त्यांनी विचारलं. "आता घरी जेवायला कोण वाढतंय बगू मला."

दुसरी सही तात्यारावांची. मग बसवंतप्पांची. मग हळूहळू बाकीच्यांच्या.

*

गाडी आली. तिचा पांढरा रंग करजगीत येईपर्यंत धुळीनं गेला होता. तरुण अधिकाऱ्यानं अर्ज हातात धरून वाक्याच्या क्रमानंच बाटल्या भरल्या: कारखाना आधीच झाला होता, मग खड्डा, मग विहीर. खड्ड्यापाशी श्रीमंत होते. त्यांनी माप स्वतः दाखवलं, आणि अधिकाऱ्याला पाणी विचारलं. अधिकारी जरा बिचकला. "बोअरचं हाय," श्रीमंत म्हणाले.

टँकर बंद झाले. खड्डा बुजवायची नोटीस आली, श्रीमंतांच्या नावावर. कारखान्यालाही आली म्हणतात, पण ती कुणी पाहिली नाही. हरिओमचा ट्रॅक्टर रांगेत मागं राहायला लागला. विचारलं तर कारखान्यातले सांगतात, यादीच तशी आलीय. तो घरी येऊन डिझेलबद्दल बोलतो.

विहीर उपसून काढायला तात्यारावांना मोठी मोटार लागणार होती. एका सकाळी श्रीमंतांची मोटार बैलगाडीत घालून बांधाखाली आली. गडी सोबत होता. श्रीमंत आले नाहीत. पाणी तीनदा उपसलं. आता रंग चहाचा राहिला नाही, भाताच्या पेजेसारखा झालाय. प्यायचं कधी, ते अधिकाऱ्यालाही सांगता आलं नाही. निळ्या झाकणाचे कॅन अजून येतात.

घरात श्रीमंत सुनेशी थेट बोलत नाहीत. ताटावर बसले की बायकोला सांगतात, "त्यांना मनावं, आज आमटीत मीठ कुठनं ओरिजिनेट झालंय ते बगा." शब्द त्यांनी नेमका पाठ केलाय. मंजुश्री मिठाचा डबा ताटाशेजारी ठेवते. पण परवा बसमध्ये ती चढायला गेली तेव्हा खिडकीच्या जागेवर एक पिशवी ठेवलेली होती, आणि कंडक्टर म्हणाला, "मालक ठेवून गेले. बसा."

त्या वळणावर आता निम्म्या खिडक्या उघड्या असतात. उरलेल्या सवयीनं बंद होतात.

*

काळ्या पाण्याचा अगदी पहिला टँकर रानात आला होता, त्या दिवशी सत्यभामाबाईंनी त्याच्या नळाला हळदकुंकू लावून नारळ फोडला होता, आणि खोबरं मंजुश्रीनं घरोघर वाटलं होतं, तात्यारावांच्या घरीसुद्धा.